तलफ व तिचें निवारण

गुढीपाडव्याच्या सकाळीं सिगारेटचें पाकीट केराच्या टोपलींत टाकावें, आणि संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास घरांतल्या माणसांची नजर चुकवून तेंच पाकीट त्या टोपलींतून शोधून काढावें, हा प्रसंग पुष्कळ घरांत घडून गेलेला आहे. मुलें तोंडावर हात ठेवून हसतात, पत्नी कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत निघून जाते, आणि ज्याच्यावर हा प्रसंग ओढवतो तो गृहस्थ वरकरणी थट्टेंत सामील झाला तरी मनांतून खजील होतो. आपल्या अंगीं निश्चयाचें बळ नाहीं, असा तो स्वतःविषयीं निवाडा करून टाकतो. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. कचेरींतील काम, मुलांचीं शिक्षणें, वृद्ध आईबापांची शुश्रूषा या गोष्टी ज्यानें वर्षानुवर्षें नेटानें पार पाडल्या, त्याच्या अंगीं निश्चय नाहीं असें म्हणतां येत नाहीं. उणीव असते ती माहितीची. ज्या शत्रूशीं गांठ पडावयाची त्याचें बळ किती, तो कोणत्या वाटेनें येतो आणि किती वेळ टिकतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. त्या शत्रूचें नांव तलफ.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि विजापुराहून अकबराच्या दरबारीं पोंचली ती सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं. इ. स. १६१७ मध्यें जहांगीर बादशहानें धूम्रपानास बंदी केली. त्याच्याहि आधीं, १६०४ मध्यें, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिकाच लिहिली होती. एक बादशहा व एक राजा विरुद्ध असतांहि ही वनस्पति दोन्ही देशांत घरोघर शिरली, यावरून तिच्या पकडीची कल्पना येते.

ही पकड निकोटिन या द्रव्याची आहे. १८२८ मध्यें जर्मनींतील पॉसेल्ट व राइमान या दोघांनीं तें तंबाखूपासून शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. धुराचा झुरका फुप्फुसांत गेला कीं दहावीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत जाऊन पोंचतें. तेथें तें मज्जापेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटतें, आणि समाधानाची जाणीव करून देणारें डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवूं लागतें. रोजच्या सवयीनें या ग्राहकांची संख्या वाढत जाते. रक्तांतील निकोटिन सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें, आणि रिकामे झालेले ग्राहक आपला वांटा मागूं लागतात. हीच तलफ. सिगारेटनें मन शांत होतें, अशी ओढणाऱ्याची समजूत असते. वस्तुतः मागच्या सिगारेटनें उत्पन्न केलेली अस्वस्थता पुढची सिगारेट क्षणभर मिटविते, एवढेंच. सावकारानें स्वतःच लावलेल्या व्याजांतून चार आणे सूट द्यावी आणि कुळानें त्याचे उपकार मानावे, तशांतला हा प्रकार आहे.

तलफेचें दुसरें मूळ रक्तांत नसून सवयींत आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच्या कुत्र्यांची गोष्ट सुशिक्षितांना ठाऊकच आहे. ठराविक सूचना मिळाली कीं अन्न येतें, असें वारंवार घडल्यावर अन्न पुढें नसतांहि केवळ त्या सूचनेनें कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटूं लागलें. सकाळचा चहा, जेवणानंतरचा विडा, आगगाडीच्या फलाटावरील खोळंबा, मित्रमंडळींतील गप्पा, वरिष्ठांचा एखादा कटु शब्द, या धूम्रपान करणाऱ्याच्या सूचना होत. दिवसाकाठीं वीस सिगारेटी ओढणारा मनुष्य, प्रत्येकीचे दहाच झुरके धरले तरी, वर्षाला ७३,००० वेळां हात तोंडाशीं नेतो. इतक्या वेळां घोकलेला पाठ एका पाडव्यांत विसरला जावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड याचें नांव मानसशास्त्रांत सर्वतोमुखीं आहे. दिवसाला वीस चिरूटांपर्यंत त्याची मजल जात असे. १८९४ मध्यें हृदयाची तक्रार सुरू झाली, तेव्हां त्याच्या एका वैद्य मित्रानें धूम्रपान वर्ज्य करावयास सांगितलें. फ्रॉइडनें तें सोडलें, सोडल्यानंतरची असह्य स्थिति मित्राला पत्रांतून कळविली, आणि पुढें तो पुन्हां ओढूं लागला. १९२३ मध्यें त्याच्या तोंडांत कर्करोग दिसून आला. टाळूचा व जबड्याचा भाग कापून काढावा लागला, त्या जागीं कृत्रिम अवयव बसवावा लागला, आणि पुढील सोळा वर्षांत तिसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. इतकें भोगूनहि चिरूट सुटला नाहीं. २३ सप्टेंबर १९३९ रोजीं लंडन येथें त्याचा अंत झाला. दुसऱ्यांच्या मनाचे तळ धुंडाळणाऱ्या पुरुषाची जर ही गत, तर पाडव्याच्या सायंकाळीं हार खाणाऱ्या गृहस्थास दुबळा कोणी म्हणावें?

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड डॉल याचें. फुप्फुसाचा कर्करोग इतका कां वाढत चालला, याचा शोध त्यानें ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाबरोबर लंडनच्या रुग्णालयांतून आरंभिला. डॉलचा संशय प्रथम रस्त्यांवरील डांबरावर व मोटारींच्या धुरावर होता. स्वतः तो सिगारेट ओढीत असे. रोग्यांची विचारपूस होऊं लागली तसतसा खरा अपराधी स्पष्ट दिसूं लागला. १९५० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत या रोगानें पीडलेले ६४९ पुरुष आहेत, आणि त्यांपैकीं धूम्रपान न करणारे केवळ २ आहेत. निबंध छापून येण्यापूर्वींच डॉलनें आपली सिगारेट टाकली होती. पुढें १९५१ पासून चौतीस हजारांवर ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या आयुष्यक्रमाची नोंद पन्नास वर्षें ठेवण्यांत आली. २००४ मध्यें निघालेलें अनुमान असें : आयुष्यभर ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षां सरासरी दहा वर्षें आधीं मरतो, परंतु साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यास सुमारें तीन, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यास सहा, चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास जवळजवळ सगळीं दहा वर्षें परत मिळतात. डॉल स्वतः २००५ मध्यें, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं वारला. ‘आतां या वयांत सोडून काय उपयोग?’ असें म्हणणाऱ्या आजोबांनीं हें कोष्टक पाहावें. तीन वर्षांत नातवाची मुंज होते, आणि शाळेंत जाणारी नात कॉलेजांत जाऊं लागते.

आतां मुख्य प्रश्न तलफेच्या मुक्कामाचा. निकोटिन दोनतीन दिवसांत रक्तांतून बहुतेक निघून जातें. याच दिवसांत त्रास सर्वांत अधिक असतो, आणि पुष्कळांचा संकल्प पहिल्या आठवड्यांतच मोडतो तो यामुळें. चिडचिड, झोंपेचा बिघाड, कामांत लक्ष न लागणें, सारखी भूक, या तक्रारी दोनपासून चार आठवड्यांत निवळत जातात. आपल्याकडे आणखी एक तक्रार फार ऐकूं येते, ती म्हणजे विडीवांचून सकाळीं कोठा साफ होत नाहीं. हीहि शरीराला लागलेली सवयच आहे. सकाळीं कोमट पाणी, आहारांत फळें व पालेभाज्या आणि थोडें चालणें, यांनीं ती कांहीं आठवड्यांत सुटते. वजन चारपांच किलो वाढण्याचा संभव असतो; परंतु तेवढ्या वजनाचा धोका धुराच्या धोक्यापुढें कांहींच नव्हे.

ही झाली महिन्याची गोष्ट. प्रत्यक्ष एक तलफ पाहिली तर ती कांहीं मिनिटांचीच पाहुणी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यानें तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. लाट येते, चढते, माथ्यावर पोंचते आणि आपण होऊन फुटते. तिच्याशीं झुंजणारा दमतो. तिच्यावर तरंगत राहणारा किनाऱ्यास लागतो. तलफ आली असतां ‘ही आली, ही चढली, आतां ही उतरेल’ असें मनाशीं म्हणत घड्याळाकडे पाहावें. पांचदहा मिनिटांत तिचा जोर ओसरतो, आणि सिगारेट न ओढतांहि तो ओसरतो, हा अनुभव एकदां आला कीं निम्मी भीति नाहींशी होते.

तीं दहा मिनिटें कशीं काढावीं, याचे उपाय साधे आहेत. एक पेलाभर पाणी सावकाश प्यावें. चारसहा दीर्घ श्वास घ्यावे. जागेवरून उठावें आणि जिना उतरून रस्त्यापर्यंत जाऊन यावें. थोडें चालल्यानेंहि तलफ मंदावते. खिशांत बडीशेप, लवंग किंवा आंवळकाठी ठेवावी, म्हणजे हातालाहि काम आणि तोंडालाहि काम मिळतें. मात्र तेथें सुपारी किंवा जर्दा येऊं देऊं नये. एका घरांतून निघून शेजारच्या घरांत चोरी करण्यासारखें तें होईल. सिगारेट सोडून विडीकडे वळणें हीहि तशीच फसवणूक आहे. टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू थोडी असते खरी, पण ती विझूं नये म्हणून ओढणारा झुरके वारंवार घेतो, आणि विष कमी मिळत नाहीं.

सूचनांचाहि बंदोबस्त हवा. चहा नेहमीच्या खुर्चींत न घेतां दुसरीकडे घ्यावा, जेवण होतांच चूळ भरून दांत घासावे, आणि पहिले कांहीं आठवडे पानपट्टीच्या दुकानावरून जाणारा रस्ता टाळावा. हळूहळू कमी करीत जावें कीं एकदम सोडावें, या जुन्या वादांत २०१६ मध्यें इंग्लंडमध्यें झालेल्या एका परीक्षणाचा कौल एकदम सोडण्याच्या बाजूनें पडला. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ४९, आणि कमी करीत सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ धूम्रपानापासून दूर होते. म्हणून दिवस आधीं ठरवावा, घरांत सांगावा, आणि तो पाळावा.

केवळ मनोबळावर विसंबणाऱ्या शंभरांपैकीं तीनपांचच वर्षभर टिकतात. तेव्हां मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. स्वीडनमध्यें १९६७ च्या सुमारास असें ध्यानांत आलें कीं पाणबुडींतील खलाशी धूम्रपानाची मनाई असतांना तोंडांत तंबाखू धरून वेळ निभावतात. त्यावरून ओव्हे फेर्नो या रसायनशास्त्रज्ञानें चघळावयाची निकोटिनची गोळी तयार केली. ती धुराशिवाय थोडें निकोटिन देते, आणि मग तेंहि कमी करीत बंद करतां येतें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावयाचीं इतर औषधेंहि आहेत. भारत सरकारची निःशुल्क दूरध्वनिसेवा २०१६ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. विष आणि उताऱ्याचा पत्ता एकाच वेष्टनावर असावा, हा योग विलक्षण खरा, पण उपयोगाचा आहे.

घरांतील मंडळींचा वांटा यांत लहान नाहीं. पहिल्या पंधरवड्यांत गृहस्थाच्या तोंडून एखादा रागाचा शब्द निघाला, तर तो निकोटिनचा समजून सोडून द्यावा. पाळत ठेवूं नये, खिसे तपासूं नयेत. आजचा दिवस नीट गेला, एवढें त्याला सांगावें. आणि दहाव्या दिवशीं एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर सारें पाण्यांत गेलें असें कोणीहि म्हणूं नये. पाय घसरला म्हणून कोणी जिना उतरून खालीं जाऊन बसत नाहीं; त्याच पायरीवर उभा राहून पुढची पायरी चढतो. पुष्कळांची सिगारेट कायमची सुटली ती अनेक प्रयत्नांनंतर, आणि आधींचा प्रत्येक प्रयत्न त्यांना तलफेच्या येण्याची एकेक वाट दाखवून गेला.

म्हणून टोपलींतून पाकीट शोधून काढणाऱ्या गृहस्थानें पुढच्या पाडव्याची वाट पाहूं नये. येत्या आठवड्यांतील एक दिवस ठरवावा, आणि त्या सकाळीं पाकीट टोपलींत टाकण्यापूर्वीं पाण्यांत चांगलें बुडवावें. संध्याकाळीं तलफ येईल, ती टोपलीपर्यंत नेईल, आणि तेथें ओला लगदा पाहून त्याला स्वतःलाच हसूं येईल. तीं हसण्याचीं कांहीं मिनिटें निघून गेलीं, म्हणजे त्या तलफेचाहि मुक्काम संपलेला असेल.