चिखल्याचं मँगनीज आणि झाडाचं पान

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं चिखला म्हटलं की मँगनीजची खाण आठवते. मॉयल या सरकारी कंपनीची ही भूमिगत खाण. जिल्ह्यातलीच दुसरी, डोंगरी बुजरुकची, मात्र उघडी. तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरतात.

जगातलं बहुतेक मँगनीज जातं पोलादाकडे. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज तरुणाने पोलादात १२-१३ टक्के मँगनीज मिसळलं आणि विलक्षण धातू हाती आला. जितके घाव बसतील, तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो! रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे चाकांचे दणके सोसायला आजही तो वापरतात.

पण मला खरं नवल वाटतं ते हिरव्या पानाचं. पाणी फोडून ऑक्सिजन मोकळा करणारी एक अतिसूक्ष्म रचना पानात असते. तिच्या गाभ्यात मँगनीजचे ४ अणू आणि कॅल्शियमचा १. प्रकाशाच्या बळावर तिच्यातून एकेक करत ४ इलेक्ट्रॉन निघतात, पाण्याचे २ रेणू फुटतात आणि ऑक्सिजनचा १ रेणू बाहेर पडतो. समुद्रातलं शेवाळ असो की आपल्या बांधीतला धान, जुळणी हीच. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी तिच्यातल्या अणूंच्या जागा स्पष्ट दाखवल्या.

पिकाला मँगनीज लागतं अगदी थोडं. पण तेवढंही मिळालं नाही, तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडत जातो.