विमानाचा स्टार्टर बंद पडतो तेव्हां

वैमानिक आसनावर बसतो, पंख्याजवळ कोणी नाहीं याची खात्री करून घेतो, मोठ्यानें इशारा देतो आणि किल्ली फिरवितो. नेहमींची घरघर आणि पाठोपाठ एंजिनाची गर्जना ऐकूं यावयाची. पण आज नुसता 'टक्' असा एक आवाज होतो आणि पुढें कांहीं नाहीं. पंखा जागचा हलत नाहीं. विमान जमिनीवरच आहे, आकाश निरभ्र आहे, कोणाच्या जिवावर बेतलेलें नाहीं; आणि तरीहि विमानविद्येंतील जाणती माणसें या क्षणाला फार जपतात. तें कां, हें कळण्यासाठीं या लहानशा यंत्राचें काम आधीं पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल सेस्ना 172 हें विमान घेऊं. चार माणसांचें हें विमान 1956 सालीं विक्रीस आलें, आणि याच्याइतक्या मोठ्या संख्येनें दुसऱ्या कोणत्याहि नमुन्याचीं विमानें जगांत तयार झालेलीं नाहींत. 1968 च्या नमुन्यापासून त्यांत चार सिलिंडरांचें लायकमिंग एंजिन बसूं लागलें. त्याच्या पंख्याच्या मागें एक मोठें दांतेरी कडें असतें व त्याच्या खालच्या बाजूस स्टार्टरची विजेची मोटर. जुन्या पद्धतीच्या स्टार्टरमध्यें मोटर झटक्यानें फिरूं लागली कीं तिच्या दांड्यावरचें छोटें दंतचक्र मळसूत्राच्या आट्यांवरून पुढें सरकतें, मोठ्या कड्यांत अडकतें आणि पंखा फिरवूं लागतें. एंजिन पेटतें, कड्याचा वेग वाढतो, छोटें चक्र आपोआप मागें फेंकलें जातें. दोन-चार सेकंदांचें हें काम. वरात दारांतून निघेपर्यंतच ज्याची गरज, अशा मानकऱ्यासारखा हा स्टार्टर पुढें सगळा प्रवासभर नुसतें ओझें म्हणून बसून राहतो.

कारण एंजिनाला लागणारी ठिणगी बॅटरीतून येत नाहीं. ती मॅग्नेटो या यंत्रापासून मिळते. मॅग्नेटोंत कायम चुंबक असतो आणि एंजिनाबरोबर फिरून तो स्वतःची वीज स्वतःच निर्माण करतो. आकाशांत बॅटरी संपली, स्टार्टर जळाला, तरी एंजिन चालूं राहतें. हा मोठाच गुण आहे. पण जमिनीवर तोच गुण फसवा ठरतो. घरांतल्या दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. मॅग्नेटोचें नेमकें उलट आहे. तो 'बंद' करणें म्हणजे एका तारेवाटें त्याची वीज एंजिनाच्या धातूंत जिरविणें. ती तार तुटली तर किल्ली बंद असूनहि मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि बाहेरून त्याची कांहींच खूण दिसत नाहीं. शिवाय पंखा सावकाश फिरत असतांनाहि जोरकस ठिणगी पडावी म्हणून त्यांत कमानीनें झटका देण्याची योजना केलेली असते. तेव्हां कोणी सहज म्हणून पंखा वीतभर सरकविला, तरी सिलिंडरांत उरलेलें पेट्रोल पेटूं शकतें.

स्टार्टर बंद पडला कीं हातानें पंखा फिरविण्याचा मोह होतो, आणि धोका आहे तो येथें. एके काळीं तीच रीत होती. 1930 च्या सुमारास जुहूच्या विमानतळावरून उडणारीं मॉथ जातीचीं विमानें, किंवा दुसऱ्या महायुद्धांत ज्यांवर शेंकडों वैमानिक शिकले तीं टायगर मॉथ विमानें, हातानेंच चालूं करीत. पण त्या रीतीला कडक शिस्त होती. आंत जाणता माणूस बसलेला, चाकांना अडसर लावलेले, 'स्विच बंद' आणि 'काँटॅक्ट' या शब्दांची बाहेरच्या व आंतल्या माणसांत मोठ्यानें देवघेव. आज विजेच्या किल्लीला सरावलेला वैमानिक एकटाच बाहेर उतरून पंख्याला हात घालतो, तेव्हां यांतलें कांहींच नसतें. एंजिन अकस्मात् पेटून रिकामें विमान धांवत सुटल्याचे व दुसऱ्या विमानांवर आदळल्याचे अपघात घडलेले आहेत. पंख्यानें माणसें मारलीं आहेत. उड्डाण एक दिवस लांबणीवर टाकण्यांत कोणती मानहानि आहे, हें समजणें कठीण आहे!

आतां दुरुस्तीकडे वळूं. उतावळा माणूस लगेच नवा स्टार्टर मागवितो. कुशल कारागीर आधीं ऐकतो. मोटर घरघरते पण पंखा स्थिर, तर मोटर चांगली आहे आणि छोटें दंतचक्र पुढें सरकत नाहीं. आट्यांवर धूळ व जुनें वंगण साचलें असेल, तर नुसती सफाई पुरते. तेथें घट्ट ग्रीस थापणारा माणूस पुढच्या महिन्याची दुरुस्ती आजच ठरवून ठेवीत असतो. नुसता 'टक्' झाला तर संशयित अनेक: बॅटरी, मोठा विद्युत्-स्विच, जाड तारांचे सांधे, आणि सर्वांत शेवटीं मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश. येथें गणित उपयोगी पडतें. स्टार्टरला दोनशे अँपियर प्रवाह लागतो असें धरा. एखाद्या गंजलेल्या सांध्यांत एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा रोध असला तरी तेथें दोन व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे बारा व्होल्टांच्या बॅटरीचा सहावा हिस्सा वाटेंतच लुटला गेला. म्हणून किल्ली फिरविली असतांना बॅटरीपाशीं किती व्होल्ट आणि स्टार्टरपाशीं किती, हें दोन्हीं ठिकाणीं मोजतात. हें न करतां बसविलेला नवा स्टार्टर जुन्याइतकाच मुका राहतो, आणि मालकाचे पैसे जातात ते निराळेच.

दोष मोटरचाच ठरला म्हणजे किल्ली काढून घेतात, बॅटरीची ऋण तार आधीं सोडवितात, एंजिनावरचें पत्र्याचें आवरण उतरवितात. सावध कारागीर प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लगहि काढून ठेवतो. मग पंखा हलला तरी आंत दाब होत नाहीं. स्टार्टर थोड्याच नटबोल्टांवर बसलेला असतो, पण त्यांतला एखादा अशा कोपऱ्यांत असतो कीं तेथें पाना जेमतेम शिरतो आणि प्रत्येक खेपेस नट थोडाथोडाच फिरतो. सारा वेळ तोच एक खातो.

नवा स्टार्टर घेतांना दोन गोष्टी जुळाव्या लागतात. तो बारा व्होल्टांचा कीं चोवीस. आणि मोठ्या कड्याला दांत 122 आहेत कीं 149. दांत मोजल्यावांचून मागविलेला स्टार्टर कडें खाऊन टाकतो. नव्या हलक्या स्टार्टरमध्यें कायम चुंबक व वेग कमी करणारीं चक्रें असतात, आणि वजन जुन्याच्या निम्म्याच्या आसपास भरतें. पण ते नाजूकहि असतात. मॅग्नेटोची कमान बिघडली तर ठिणगी वेळेआधीं पडून पंखा उलटा झटका देतो, आणि त्या एका झटक्यानें स्टार्टर मोडूं शकतो. म्हणून मोडलेला स्टार्टर हातीं आला कीं जाणता कारागीर मॅग्नेटोकडे वळतो. गुन्हेगार बहुधा तेथें सांपडतो.

अमेरिकेंत वैमानिक-मालकाला आपल्या विमानाचें तेल किंवा टायर स्वतः बदलण्याची मुभा आहे. स्टार्टर बदलण्याची नाहीं. तेथें परवानाधारक कारागिराची सही लागते, आणि भारतांतहि परवानाधारक अभियंत्याच्या सहीवांचून विमान उडत नाहीं. ती सही करण्यापूर्वीं तो नट ठरल्या जोरानें आवळले आहेत ना हें पाहतो, तारा पंख्यापासून व धुराड्याच्या उष्णतेपासून दूर बांधल्या आहेत ना हें तपासतो, प्लग परत बसवितो. मग आंत माणूस बसतो, चाकांना अडसर लागतात, आणि किल्ली फिरते. एंजिन पेटतांच दोघेहि कान देतात, छोटें चक्र मागें सुटलें कीं नाहीं तें ऐकण्यासाठीं. तें अडकून राहिलें तर एंजिनच उलट स्टार्टरला फिरवूं लागेल आणि तो थोड्याच वेळांत जळेल. एंजिन थांबवून पुन्हां एकदां, व आणखी एकदां हाच प्रयोग होतो. त्यानंतर आवरण चढतें, आणि विमानाच्या नोंदवहींत तारीख, स्टार्टरचा क्रमांक व सही पडते.