माँटेरेचा उपसागर



ज्युबिलीच्या दिवशीं धर्मगुरूनें समुद्रावर कां बोलावें, असें कोणास वाटेल. परंतु ज्या उपसागराची हकीकत आम्ही सांगणार आहोंत, त्याच्या कांठीं फादर हुनिपेरो सेरा ह्यांनीं १७७० सालीं मिशन स्थापिलें. तेव्हां कॅलिफोर्नियाचा माँटेरे उपसागर आपणांस अगदींच परका नव्हे.

१७८६ सालीं ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी तेथें पोहोंचला, तेव्हां त्याच्या गलबतांभोंवतीं देवमासे फवारे उडवीत होते. किनाऱ्यालगत पाणमांजरें विपुल होतीं. त्यांच्या दाट कातड्यांस चीन देशांत मोठें मोल येई, आणि तीं गोळा करण्यांत मिशनांचाही हात होता. हें सांगणें आम्हांस जड जातें. पण ज्युबिलीस केवळ गोडच बोलावें असा नियम नाहीं.

पाणमांजरें संपलीं, आणि त्यांच्याबरोबर एक अरण्यही खालावलें. त्या समुद्रांत केल्प नांवाचें शेवाळ तळापासून माडासारखें उंच वाढतें व त्याच्या आडोशास असंख्य मासे राहतात. सी-अर्चिन नांवाचा काटेरी गोळ्यासारखा जीव तें कुरतडतो, आणि पाणमांजर त्या जीवास खातें. राखणदारच गेल्यावर शेत कोण राखणार?

पुढें देवमासे गेले. मग तारलीची पाळी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं एकेका हंगामांत दोन लक्ष टनांच्या वर तारली तेथें उतरे. तिचा मोठा भाग माणसाच्या ताटांत न जातां दळून खत व कोंबड्यांचें खाद्य बने. शास्त्रज्ञांनीं सावध केलें होतें. जाळीं टाकणारे पुष्कळसे सिसिलीचे कॅथोलिक, कष्टाळू व भाविक लोक. त्यांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. कसेंही असो, १९५० नंतर कारखाने ओस पडत गेले.

मात्र ही नासाडी चालू असतांनाच, १९३१ सालीं, शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गांवीं ज्युलिया प्लॅट ह्या ७४ वर्षांच्या बाई नगराध्यक्ष झाल्या. जर्मनींत प्राणिशास्त्राच्या डॉक्टर झालेल्या. पण अध्यापकाची जागा त्यांस मिळाली नाहीं. स्वभाव तापट. समुद्राची वाट अडविणाऱ्या फाटकावर त्यांनीं स्वतः कुऱ्हाड चालविली होती! आपल्या किनाऱ्यावर देखरेख करण्याचा अधिकार त्यांनीं सरकाराकडून गांवास मिळवून दिला, आणि कारखान्यांच्या नजीकच एक चिंचोळी पट्टी राखून ठेविली: तेथून शिंपला उचलावयाचा नाहीं. समुद्र सुधारलेला पाहण्याइतकें आयुष्य आपणांस नाहीं, हें त्या जाणून असाव्यात. १९३५ सालीं त्या वारल्या. त्यांचा देह समुद्रासच अर्पण केला.

१९३८ सालीं दक्षिणेस बिग सूरच्या कड्यांखालीं सुमारें ५० पाणमांजरें दृष्टीस पडलीं. तीं नष्टच झालीं, असें लोक समजत. हळूहळू उत्तरेस सरकत १९६० नंतर तीं बाईंच्याच राखीव पट्टींत उतरलीं. तेथें खाण्यास शिंपले व सी-अर्चिन भरपूर होते. कांहीं वर्षांत केल्पचें अरण्य पुनः उभें राहिलें. १९८४ सालीं एका जुन्या कारखान्याच्या जागीं मत्स्यालय उघडलें, आणि १९९२ सालीं उपसागर राष्ट्रीय अभयारण्य ठरला.

२०१३ नंतर तेथील तारामाशांस रोग लागला, पाणी तापलें, सी-अर्चिन पुनः माजले. अरण्य पुष्कळ ठिकाणीं उजाड झालें. जेथें पाणमांजरें चरतात, तेथें त्याचे तुकडे अजून उभे आहेत.