भोकातून जाणारी वीज

शिरोलीची फाउंड्री असो की भोसरीतलं छोटं मशीन शॉप, कॉम्प्रेसर सगळीकडे असतोच. हवा फुकट, म्हणून तिच्या गळतीकडे कुणी बघत नाही. पण दाबलेली हवा म्हणजे विकत घेतलेली वीज! सात बार दाबाच्या लाइनला अवघं तीन मिलिमीटरचं भोक पडलं, तर सुमारे तीन किलोवॅट वीज वाया जाते. चोवीस तासांत ७२ युनिट, एका भोकातून.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणीच वापरत नसताना तो पुन्हापुन्हा लोड घेत असेल, तर समजा, हवा कुठेतरी गळतेय. मग साबणाचं पाणी ब्रशने कपलिंगवर, होज पाइपच्या क्लॅम्पवर, व्हॉल्व्हवर लावा. बुडबुडे आले, की तिथे खडूने खूण करा. बहुतेक ठिकाणी नवा वॉशर, टेफ्लॉन टेप किंवा घट्ट आवळलेला क्लॅम्प पुरतो.

आणखी एक. गरज सहा बारची असताना सात बार ठेवू नका; एक बार कमी केला, तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. मालकांनो, येत्या सुट्टीला फिटरला सोबत घ्या आणि लाइनवरून एक फेरी माराच.