कच्च्या तेलाचा भाव आणि आपली धानाची बांधी

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



रोवणीच्या तयारीवर दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. बियाणे, बीजप्रक्रिया आणि पऱ्ह्यांची निगा यांवर माझे सहकारी बोलतीलच. मी खनिज तेलाच्या भावाविषयी बोलणार आहे. धानाच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु साकोली, लाखनी, लाखांदूर भागात आज हेल्यांच्या जोडीने चिखलणी करणारे किती उरले? चिखलणी ट्रॅक्टरने, कापणी-मळणी हार्वेस्टरने, धान केंद्रावर न्यायचे ते ट्रॉलीने. ट्रॅक्टर चिखलणीत तासाला साधारण चार लिटर डिझेल खातो. ज्यांच्या विहिरीवर अजून विजेची जोडणी नाही, त्यांचे पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला एक लिटर पिते. हे तेल आपल्या शेतात पिकत नाही आणि देशातही फारसे निघत नाही. मुंबई हायचा साठा १९७४ साली सापडला, १९७६ पासून तेथून तेल येऊ लागले, तरी देशाच्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण बाहेरून आणतो.

म्हणून बातमी नीट वाचावी. पेपरात भाव बॅरलचा असतो. बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरला, तर बॅरलमागे एक डॉलर वाढला की लिटरमागे ५६-५७ पैसे वाढतात. बॅरल दहा डॉलरने चढले की साडेपाच रुपयांहून अधिक. हे केवळ कच्च्या तेलाचे झाले. शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन, केंद्राचे अबकारी शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर हे सगळे पुढे चढते.

बातमीत डॉलरचा भावही पाहावा. जुलै २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरवर गेले होते. त्या वेळी डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे बॅरल सुमारे ६,३०० रुपयांना पडले. जून २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे तेल १२० डॉलरच्या आसपास होते, परंतु डॉलर ७८ रुपयांचा झाला होता. ते बॅरल आपल्याला ९,३०० रुपयांच्या वर पडले. डॉलरमध्ये तेल स्वस्त आणि रुपयात महाग, असे हे गणित आहे.

आता तेल उतरले की आपल्याला स्वस्त मिळते काय? २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, अमेरिकेच्या बाजारात तेलाचा वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता. ठेवायला जागा नाही म्हणून विकणाराच पैसे देत होता. आपल्याकडे त्यानंतर पंधरवड्यातच, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, डिझेलवरील केंद्रीय शुल्क लिटरला १३ रुपयांनी वाढले. पंपावरचा भाव तेव्हा चढला नाही, पण जगातली स्वस्ताईही आपल्या ट्रॅक्टरपर्यंत पोचली नाही. याचा काही भाग नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी करून परत मिळाला, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचे दर बाजारावर सोडले आहेत आणि जून २०१७ पासून ते रोज सकाळी सहाला बदलू शकतात. तरी नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ असे १३७ दिवस ते जागचे हलले नाहीत. मधल्या काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, हे आपण जाणताच.

आपल्या धानाचा हमीभाव मात्र वर्षातून एकदाच जाहीर होतो. साधारण धानाचा तो २०१४-१५ मध्ये क्विंटलला १,३६० रुपये होता, २०२५-२६ साठी २,३६९ रुपये झाला. जूनमध्ये भाव ठरला आणि ऑक्टोबरात कापणीच्या वेळी डिझेल चढले, तर वरचा भार आपल्याच पदरी पडतो.

डिझेल तरी डोळ्यांना दिसते. माझ्या मते खरे तेल गोणीत दडलेले आहे. युरिया तयार होतो तो नैसर्गिक वायूपासून, आणि आयात वायूच्या पुष्कळशा करारांचा भाव तेलाच्या भावाशी बांधलेला असतो. चांगल्या कारखान्यात एक टन युरियाला साधारण ५५ लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीला अडीच लाखांच्या जवळपास. एक लिटर डिझेलमध्ये नऊ हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. भागाकार करून पाहा. एक गोणी युरिया म्हणजे सुमारे २७ लिटर डिझेल! बांधावरून फेकून दिलेल्या युरियातला बराच भाग पाण्याबरोबर वाहतो किंवा हवेत उडून जातो. तेवढे डिझेल कोणी ओंजळीने बांधीत ओतील काय?

हे जाणवत नाही, कारण गोणीचा भाव सरकारने बांधलेला असतो. २०१८ साली ४५ किलोची गोणी आली तेव्हा कर व निंबोळी लेपाचा खर्च सोडून २४२ रुपये भाव ठरला. २०२२ मध्ये जगात युरिया भडकला तरी तो हलला नाही. फरक सरकारने भरला. २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. डीएपीचे उदाहरण अधिक बोलके आहे. मे २०२१ मध्ये त्याची गोणी २,४०० रुपयांवर जाणार होती. केंद्राने गोणीमागचे अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले, तेव्हा ती १,२०० रुपयांना मिळाली. असा आधार दर वेळी वेळेवर मिळेलच असे नाही. आणि भाव बांधलेला असला तरी माल आलाच नाही, तर ऐन रोवणीनंतर रांगेत उभे राहावे लागते. त्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे.

तेव्हा गोणीतले तेल कसे वाचवता येईल ते पाहू. चारसूत्री पद्धतीत धान १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतरावर नियंत्रित रोवतात. चार चुडांच्या मधल्या लहान चौकोनात युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात, ती रोवणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. एकरी सुमारे २५,००० गोळ्या, म्हणजे ६७-६८ किलो लागतात. त्यातून नत्र २३ किलोच्या आसपास जाते. नेहमीची मात्रा एकरी ४० किलो धरली, तर पाऊण गोणीहून अधिक युरिया वाचतो. पालाश माती परीक्षणानुसार वेगळे द्यावे. अडचण आहे ती मजुरांची. रोवणीत बायामाणसे मिळत नाहीत, तिथे गोळ्या कोण खोचणार, हा आपला प्रश्न रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी सगळे शेत यात घालू नका. घरच्या माणसांनी होईल अशी अर्ध्या एकराची एक बांधी निवडा आणि शेजारच्या बांधीशी उतारा ताडून पाहा. धुऱ्यावर गिरिपुष्प असेल तर चिखलणीपूर्वी त्याचा कोवळा पाला हेक्टरी तीन टन गाडावा. हा नत्राचा कारखाना धुऱ्यावरच उभा असतो, त्याला परदेशचा वायू लागत नाही.

उन्हाळी धानाला पाणी सतत तुंबवून ठेवण्याची सवयही बदलता येईल. रोवणी धरल्यावर बांधीत छिद्रे पाडलेली नळी रोवावी. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाच सेंटिमीटर भरावे. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देऊ नये. इंजिनवाल्याचे डिझेल यात सरळ वाचते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीजबिलात माफी आहे, तेव्हा त्यांचे पैसे वाचणार नाहीत, पण विहिरीचे पाणी एप्रिलपर्यंत टिकेल.

आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव उताराने पाणी देतात. त्यांना थेंबभर डिझेल लागत नाही. मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि पुष्कळ ठिकाणी गाळ साचत गेला. ज्या गावी मामा तलावाची पाळ व नहर शाबूत आहे, तिथे ऑगस्टचा खंड पडला तरी इंजिन सुरू करावे लागत नाही. गाळ उन्हाळ्यात निघतो आणि तो बांधीत टाकताही येतो. ग्रामसभेत हा विषय जानेवारीतच घ्यावा, मे महिन्यात घेतला तर फार उशीर होतो.

जाता जाता एक विनंती. या हंगामात खिशात एक लहान वही ठेवा. चिखलणीचे तास, कापणीचे तास, इंजिनचे लिटर आणि खताच्या गोण्या, एवढेच त्या-त्या दिवशी लिहा. एका गोणी युरियापुढे २७ लिटर मांडा. पुढील मेळाव्यात ती वही सोबत आणावी. आपण बसून तिची बेरीज करू.