१६० चौरस फुटांत फिरणारी मोटर

आजचा विषय आहे घरच्या घरी मोटर फिरवणं. मी बोलतेय नायगावातून. वसईकडचं नाही हं, दादरजवळचं, बीडीडी चाळींचं नायगाव. दिवसभर नोकरी सॉफ्टवेअरची आणि रात्री जेवणं झाली की अर्डुइनो आणि सोल्डरिंग.

या चाळी १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यामुळे पोरं म्हणतात, "ताई, जागा नाही, लॅपटॉपही नाही." जागेचं सांगते: माझं सगळं सामान बिस्किटाच्या एका डब्यात मावतं. आणि लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोन, ओटीजी केबल आणि अर्डुइनोड्रॉइड हे ॲप. फोनवरच कोड लिहा आणि बोर्डात टाका.

सध्या आमच्याकडे गणपतीच्या चलचित्र देखाव्याची तयारी चालू आहे. नववीतल्या एकाने सुचवलं, जुन्या टेबलफॅनची मोटर काढून लावूया. मी सरळ नाही म्हटलं. ती २३० व्होल्टवर चालते. मखराभोवती ओली फुलं, अभिषेकाचं पाणी, लहान मुलांचे हात. तिथे मेनची उघडी वायर म्हणजे जिवाशी खेळ. आमचा नियम एकच: देखाव्यात १२ व्होल्टच्या वर काही नाही, आणि ॲडॉप्टर चांगल्यातला, पाण्यापासून लांब.

आता मोटर कुठली? खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते. देखाव्यातलं चक्र सावकाश फिरायला हवं. म्हणून गिअरवाली डीसी मोटर घ्या. दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर जा. दुकानात "मोटर द्या" म्हणू नका. व्होल्ट आणि आरपीएम दोन्ही सांगा.

ही मोटर थेट अर्डुइनोच्या पिनला जोडायची नाही. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच घ्यावेत. छोटी मोटरसुद्धा सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते आणि पिन जळते. मध्ये मोटर ड्रायव्हर लागतो. गिरणीतला मुकादम समजा: अर्डुइनो हुकूम देतो, ड्रायव्हर काम करून घेतो. एल२९८एन हा ड्रायव्हर सहज मिळतो, पण तो स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. म्हणजे १२ दिलेत तर मोटरला १०च्या आसपास मिळतात. आणि अर्डुइनो व ड्रायव्हर यांचा ग्राउंड एकत्र जोडा. तो सुटला तर मोटर वेड्यासारखी वागते आणि आपण उगाच कोड तपासत बसतो.

मूर्तीचा हात हलवायला सर्व्हो. एसजी९० हा छोटा निळा सर्व्हो साधारण १.८ किलो-सेंटिमीटर ताकदीचा. अर्थ असा की १ सेंटिमीटरवर १.८ किलो, पण १० सेंटिमीटरवर फक्त १८० ग्रॅम, तेही जेमतेम. त्यामुळे हात पुठ्ठ्याचा किंवा कागदी लगद्याचा, पोकळ करा. सर्व्हो गुरगुरायला लागला, गरम झाला, की समजा वजन जास्त आहे.

पुनर्विकासात चाळकऱ्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळणार आहेत. पण नववीतलं वय तोवर थांबत नाही. डबा आजच उघडा.

पुढच्या भागात सर्व्होचा कोड ओळीने बघू. तोवर एक लक्षात ठेवा: वायरला हात लावण्याआधी पॉवर बंद!