आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन

जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर पेगइंटरफेरॉन आल्फा-२ए हे इंजेक्शन देतात. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायचं. प्रौढांचा कोर्स साधारण ४८ आठवड्यांचा.

औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं औषध वापरायचं नसतं. सिरिंज हलवू नका, टोचण्याची जागा दर वेळी बदला. वापरलेली सुई जाड, बंद डब्यात टाका. घंटागाडीत सुटी टाकली, तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते.

सुरुवातीला ताप, अंगदुखी होते. त्यावर कुठली गोळी घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारा. खरी काळजी वेगळीच आहे: हे औषध मन खचवू शकतं. झोप उडाली, चिडचिड वाढली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर घरच्यांनी ‘आजारपणाचा कंटाळा’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. पूर्वी नैराश्य आलं असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर आधीच सांगा. रक्तपेशी, यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या चुकवू नका. डोस राहिला म्हणून दोन एकदम घेऊ नका, आणि बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन स्वतःहून बंदही करू नका.